देव्हाऱ्यातला स्टिरिओ

मागच्या वर्षी मंडईले ताराचंदभाऊच्या घरचे पाहुणे साकोलीच्या बस स्टँडवर उतरले, भाऊच्याच बायकोच्या, म्हंजे चंद्रकलाकाकूच्या अँबेसेडरमंदी ऐटीत बसले, अन् गावच्या फाट्यावर येऊन सगळेच्या सगळे उतरून गेले.

काहून? तर मागून ताराचंदभाऊचा ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवर दोन मोठे बॉक्स, ढमढम गाणं. आमच्या इकडं ट्रॅक्टरले ब्रेक कमी लागला तर चालते, पण बेस कमी पडला तर लोकं मालकाच्या खानदानावर शंका घेतात. पाहुणे नव्या लुगड्यासकट, इस्त्रीच्या कपड्यासकट ट्रालीतल्या तणसावर जाऊन बसले. काकू एकटीच गाडी घेऊन गावात आली. मागच्या सीटवर पाहुण्यांची बोचकी बसली होती, तेवढी बिचारी इमानदार.

दिवाळी झाली का आमच्याकडं गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार नाही तर नाटक, अन् घरोघरी पाहुणे. त्या दिवशी कोणाचे पाहुणे कशात बसून आले, याच्यावर गाव वर्षभर बोलते.

गाडी काकूच्या आंदनातली. लोकं पोरीले कपाट देतात, पलंग देतात. काकूचा बाप तेंदूपत्त्याचा ठेकेदार. त्यानं आपली म्हातारी अँबेसेडरच देऊन टाकली. जवाईले चालवता येत नव्हती, पोरीले येत होती. तवापासून ताराचंदभाऊ डावीकडं बसतात, अन् तवापासूनच त्यायचा गाडीवर राग हाय.

यंदा दिवाळीच्या आधी ते ओसरीत बसून म्हणाले, "नागझिऱ्याकडं नवीन रिसॉर्ट झालं ना, त्यायच्या मॅनेजरले आपली गाडी पायजे."

"चालवाले?" काकूनं विचारलं.

"चालवाले कायले? गेटवर ठेवतात. बोनटमंदी मनीप्लांट लावतात, डिकीत कारंजं. लोकं फोटो काढतात."

काकूच्या हातातलं सूप थांबलं. "माह्या बापाच्या गाडीत कारंजं?"

"अवं, ज्या गाडीत पाहुनाही बसत नाही, तिची कुंडी झाली तर काय बिघडलं? मागच्या साली पाह्यलं ना? नुसती भोंगा वाजवते. गाणं नाही, काही नाही."

"म्हंजे गाणं वाजलं तर पाहुणे बसतीन?"

"वाजलं तर ना!"

"मंग आयका," काकू उभी राहिली. "यंदा मंडईले पाहुणे माह्या गाडीत बसून घरापर्यंत आले, तर गाडी इथंच राहीन. ट्रालीत गेले, तर दुसऱ्या दिवशी न्या तिले रिसॉर्टले. मी सोता चाबी देईन."

ताराचंदभाऊनं लगेच मॅनेजरले फोन करून मंडईच्या दुसऱ्या दिवशी क्रेन आणाले सांगतली.

काकू दुसऱ्याच दिवशी साकोलीले जाऊन स्टिरिओ घेऊन आली. निळे लाईट, ब्लूटूथ, पेन ड्राईव्ह, सगळं. अन् हेमराजले बलावलं. हेमराजनं तालुक्यातल्या निम्म्या ट्रॅक्टरमंदी गाणे बसवले हायेत, त्याच्यामुळं निम्मा तालुका जोरात बोलते.

त्यानं बोनट उघडलं, बॅटरी पाहिली अन् कमरेवर हात ठेवून हासला.

"काकू, हे कोन्या येड्यानं लावलं? प्लसची वायर बॉडीले अन् मायनसची आत! पुरी उलटी हाय ना बॅटरी."

"पहिलेपासून अशीच हाय रे. चालते ना गाडी."

"चालते म्हंजे देवाची कृपा! माह्या पुऱ्या जिंदगीत अशी गाडी पाह्यली नाही. ट्रॅक्टर पहा, ट्रक पहा, मोटारसायकल पहा. मायनसच बॉडीले राहते."

त्यानं बॅटरी फिरवून 'सीधी' केली. स्टिरिओ जोडला. अन् काय सांगू, गाणं वाजलं! काकूच्या अंगणातल्या कोंबड्या तुरीत पळाल्या. ताराचंदभाऊचं तोंड उतरलं.

काकूनं गाडी चालू केली. गल्लीतून रस्त्यावर आणली, अॅक्सिलेटर दाबला, अन् बोनटमधून धूर.

गाडी थांबवली, धूर थांबला. गाणं चालूच. पुन्हा चालवली, पुन्हा धूर. डॅशबोर्डवरचा काटा भूत पाह्यल्यासारखा उलट्या टोकाले जाऊन चिपकला.

"म्हंजे उभी राह्यली का गाते, अन् चालली का जळते," ताराचंदभाऊ आनंदानं म्हणाले. "रिसॉर्टले अशीच पायजे. उभी राहून गानारी."

हेमराजनं डोकं खाजवलं. "काकू, ढकलत नेली तर? गाणंही वाजीन, गाडीही चालीन."

"पाहुण्याईले ढकलाले लावू का रे मी?"

"नाही तर डिकीत ट्रॅक्टरची बॅटरी ठेवू, स्टिरिओसाठी अलग."

"गाडीले गाणं म्हनाचं हाय, हेमराज. डिकीतल्या डब्याले नाही. बॅटरी होती तशी कर."

त्यानं केली. गाडी चालली, गाणं बंद. बोनटमधला कटआऊट नावाचा डबा तेवढा काळा पडला होता. हेमराज म्हणाला, "हे गाडीच खोटी हाय," अन् घरी गेला. त्याच्या मते जे ट्रॅक्टरसारखं नाही ते खोटं.

त्या दिवसापासून गावात जो तो सल्ला देऊन राहिला. एक जण म्हणे गाडीले नजर लागली. एक म्हणे स्टिरिओ उलटा धरून पहा. एक जण आला तो काहीच न म्हणता बॅटरी फिरवून गेला, उपकार म्हणून. काकू दुकानातून येऊन चालू करते तर पुन्हा धूर. मंग काकूनं बोनटले कुलूप लावलं. आमच्या गावात तिजोरीले कुलूप नसलेले लोकं हायेत, पण बोनटले कुलूप लावणारी काकू पहिली.

मोबाईलवर शोधता शोधता तिले एका व्हिडिओत एक इंग्रज म्हातारा सापडला. तिकडं लंडनकडचा, अशीच गोल गाडी, अन् तोही स्टिरिओ बसवून राहिला. काकूले इंग्रजी येत नाही. ती त्याच्या हाताकडं पाहे. म्हाताऱ्यानं पाना ठेवला, काकूनं ठेवला. म्हातारा कुत्र्यावर ओरडला, काकू ताराचंदभाऊवर ओरडली. एवढं करूनही एक गोष्ट समजेना, मंग भंडाऱ्याले कॉलेजात शिकणारी पोरगी रक्षा सुट्टीत आली तेव्हा काकूनं तिच्यापुढं मोबाईल धरला.

"आई, तो म्हणून राहिला का जुन्या काळी अशाच गाड्या बनत. प्लस बॉडीले. चुकीची नाही ते, तशीच हाय."

काकूनं मोबाईल खाली ठेवला. मंग म्हणाली, "म्हंजे माही गाडी उलटी नाही. दुकानातून आणलेलं डबडं उलटं हाय."

"तेच. अन् आई, स्टिरिओच्या बाहेरच्या पत्र्यात मायनस हाय, गाडीच्या पत्र्यात प्लस. दोघं एकामेकाले भिडले का संपलं. स्टिरिओचं लोखंड गाडीच्या लोखंडाले कुठंच लागाले नाही पायजे."

"सोयरिक तुटलेल्या घरासारखं," काकू म्हणाली. "समजलं."

तिनं कटआऊटचे जळके पॉइंट पॉलिश पेपरनं घासले. स्टिरिओची लाल वायर बॉडीले, काळी आत, मधात फ्यूज. म्हंजे हेमराजच्या साऱ्या ज्ञानाच्या उलट. आता उरला स्टिरिओ ठेवाले खोका. डॅशबोर्डच्या भोकात लोखंडाची पट्टी होती, तिथं ठेवता येत नव्हता. प्लास्टिकचा डबा गरम झाला. खोक्याचा पुठ्ठा एका दिवसात झुकला. सायकलच्या ट्यूबात गुंडाळला तर बटनं दिसेनात.

शेवटी तिची नजर माळ्यावर गेली. मागच्या साली घरात टाईल्सचं देवघर केलं, तवापासून जुना सागवानी देव्हारा रिकामाच पडून होता. छोटा, कळस, दोन खांब, पुढं नक्षी. काकूनं स्टिरिओ आत सरकवला. असा बसला जसं सुतारानं त्याच्याच मापानं केला.

वायरी जाव्या म्हणून देव्हाऱ्याची मागची फळी काढली, डॅशबोर्डवर ट्यूबचा तुकडा ठेवला, वरून देव्हारा सुतळीनं बांधला. चाबी फिरवली. देव्हारा निळा झाला. गाणं लागलं. गाडी साकोलीपर्यंत गेली अन् आली, ना धूर, ना काटा हालला.

"अवं, हे काय करून ठेवलं?" ताराचंदभाऊचा आवाज बारीक झाला. "देवाच्या जागी पोट्ट्याईचे गाणे?"

"देव टाईल्सवाल्या घरी गेला. ही जागा खाली होती."

मंडईचा दिवस उजाडला. काकू अँबेसेडर घेऊन साकोलीले, अन् ताराचंदभाऊ ट्रॅक्टर घेऊन मागं. 'सामान जास्त राहीन' म्हणे.

बसमधून पहिले उतरली जमुनाबाई, ताराचंदभाऊची मोठी बहीण, अन् तिचा नवरा श्यामलाल. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं तवापासून ते पुनर्वसनात राहतात, अन् नव्या गावात देवाच्या जागेवरून एवढी भांडणं झाली का श्यामलाल कुठंही देव्हारा दिसला का पहिले हात जोडून मोकळा होते. त्यायच्या मागं काकूच्या आणखी दोघी नणंदा, लेकरं.

काकूनं दार उघडलं. चाबी फिरवली. देव्हारा निळा झाला, अन् आतून एक बाई गोड आवाजात इंग्रजीत बोलली का ब्लूटूथ तयार हाय.

श्यामलालनं चपला काढल्या.

"भाऊजी, चपला कायले काढल्या?" काकूनं विचारलं.

"अवं, बोलली ना."

"ते मशीन हाय!"

"देव कोन्या रूपात बोलीन, तुले काय मालूम?" जमुनाबाईनं त्याले मागं सारलं, आपल्याही चपला काढल्या, पोरायच्याही काढाले लावल्या. सगळ्या चपला डिकीत गेल्या. कोणी देव्हाऱ्याले कुंकू लावलं. ब्लूटूथच्या बटनावर लागलं, ते चिकटलं.

काकूनं गाणं लावलं, मोठ्यानं, बेससकट. पाहुणे मुंडी हालवत बसले. ट्रॅक्टर मागं राहिला. काकूचं सगळं लक्ष रस्त्यावर, आरशात ताराचंदभाऊचं तोंड.

अर्ध्या रस्त्यात जमुनाबाईले आठवण झाली का देवापुढं काहीच ठेवलं नाही. तिनं कमरेच्या पिशवीतून एक नाणं काढलं, अन् देव्हाऱ्याच्या मागच्या फटीतून आत सरकवलं. दानपेटी समजून.

चट्ट! निळी ठिणगी, जळका वास, अन् गाणं बंद.

काकूनं गाडी कडेले घेतली. गाडी चांगली चालत होती, पण तिनं घेतली.

"देव कोपला," श्यामलाल म्हणाला.

"देव नाही कोपला, आक्काजीनं प्लस-मायनस एक केलं!"

तेवढ्यात मागून ढमढम करत ट्रॅक्टर आला. ताराचंदभाऊ वरून ओरडले, "आक्का! उतर, ट्रालीत ये! गाणं हाय इथं! अरे लेकरं हो, या!"

लेकरायनं दारं उघडली. एकाचा पाय बाहेरही पडला. मंग सगळ्यायले आठवलं का चपला डिकीत हायेत, अन् डिकीची चाबी काकूच्या पदरात. खाली गोखरूचे काटे अन् खडी.

"अवं, डिकी खोल ना," एक नणंद म्हणाली.

"खोलतो. फ्यूज बदलला का खोलतो," काकू म्हणाली, अन् देव्हाऱ्याची सुतळी सोडाले लागली.

"वहिनी, जबरदस्ती हाय का हे?"

"जबरदस्ती नाही. पाच मिनिटं मागतो. मागच्या साली मी एक शब्द म्हटला होता? तुमच्या बोचक्याईसंगं घरी आली. आज पाच मिनिटं द्या, मंग ज्याले ट्रालीत जाचं हाय त्याच्या चपला मी सोता हातात देतो."

लेकरानं पाय आत घेतला. ट्रॅक्टरचा बेस मात्र चालू होता. जमुनाबाईनं भावाकडं पाहून हात केला, "ते बंद कर बे पहिले! बाई काम करून राहिली, दिसत नाही?"

ताराचंदभाऊनं बंद केला. रस्त्यावर एकदम एवढी शांतता झाली का तुरीतले पक्षी ऐकू आले.

काकूनं वाकून नाणं काढलं. ते एका बाजूनं काळं झालं होतं. फ्यूज काढला, नवा बसवला, ट्यूबचा तुकडा फाडून देव्हाऱ्याच्या मागच्या फटीत गच्च ठोसला. मंग मागं वळून म्हणाली, "आता कोणाले काही चढवाचं असीन तर फूल चढवा. लोखंड, पितळ, नाणं, बिलकुल नाही."

चाबी फिरवली. देव्हारा निळा झाला. कुंकवानं बटन चिकटलेलंच होतं, म्हणून आतल्या बाईनं तेच इंग्रजी वाक्य एकदा, दोनदा, तीनदा म्हटलं. चौथ्यांदा काकूनं बुक्की मारली, अन् गाणं लागलं.

काकू उतरली, डिकी उघडली, चपलायचा ढीग काढून रस्त्यावर ठेवला. "घ्या. ज्याले जाचं हाय त्यानं जा."

जमुनाबाईनं आपल्या चपला उचलल्या, झटकल्या, अन् पायात न घालता मांडीवर घेऊन पुन्हा पुढच्या सीटवर बसली. "मी कुठं नाही जात. ट्रालीत मागच्या साली माह्या लुगड्यात तणस घुसलं होतं, ते यंदाच्या दिवाळीपर्यंत टोचत होतं. कोणाले सांगू?" तिच्या मागं बाकीचेही बसले. श्यामलाल म्हणाला, "गाडीतूनच जाऊ. देव कोपला तरी चालते, बायको कोपाले नाही पायजे."

अँबेसेडर गावात शिरली तवा गाणं एवढं जोरात का मंडईतला पाळणेवाला पाळणा थांबवून पाहाले लागला. मागं रिकाम्या ट्रालीचा ट्रॅक्टर, मुका.

घरापुढं पाहुणे उतरले. काकूनं गाडी बंद केली अन् चाबी पदराले बांधली. ताराचंदभाऊनं अंगणात उभं राहून मोबाईल काढला.

"हॅलो, मॅनेजरसाहेब... हव, मी ताराचंद. उद्या क्रेन पाठवू नका. ... नाही, गाडी नाही जमत. ... हव, चालून राहिली ना. ... काय म्हणता? दुसरं काही जुनं असलं तर?"

काकूनं त्यायच्या हातातला मोबाईल घेतला.

"हाय एक," ती म्हणाली, नवऱ्याकडं पाहत. "पण चालत नाही, नुसतं बोलते. मंडई होऊ द्या, मंग विचार करून सांगतो."