एका पोत्याला एक मूठ

मित्रांनो, कोंबड्यांच्या शेडमध्ये शिरताना उजव्या हाताला जो काळा दगडी खल दिसतो, तोच मी. काठाचा टवका उडालाय, पोटात लसणाचा वास मुरलाय, आणि वय विचाराल तर मलाही नीट सांगता यायचं नाही.

पाथरवटाने मला घडवलं तेव्हा वाटलं होतं, आपण एखाद्या चांगल्या स्वयंपाकघरात जाऊ. नशिबात आली कोंबड्यांची शेड! सुरुवातीला मी फार कुरकुर केली. पण मालकिणीने मला घासूनपुसून कोरडं केलं, लसूण, हळद आणि सुकवलेला पुदिना घातला आणि बत्ता असा काही चालवला की माझी कुरकुर जागच्या जागी थांबली.

हे वाटण पिल्लांच्या खाद्यात जायचं. त्याने पिल्लं अंग धरतात, सहसा आजारी पडत नाहीत, असा तिचा अनुभव होता. माप ठरलेलं, एका पोत्याला एक मूठ. वजनकाट्याकडे तिने कधी ढुंकून पाहिलं नाही. नवरा चिडवायचा, की जावयाचे करावेत तसे लाड चाललेत, शेवटी बाजारातच जायचीत ना? ती म्हणायची, जाऊ देत, आहेत तोवर तरी धडधाकट राहू देत.

एका बॅचच्या वेळी ती हट्टालाच पेटली. या खेपेला वाढीची विकतची पुडी नाही, फक्त आपलं वाटण. पिल्लं आली आणि चौथ्या दिवशी तीच दवाखान्यात गेली. दुखणं साधं नव्हतं. जाताना नवऱ्याला एवढंच म्हणाली, "माझी पिल्लं सांभाळा. एका पोत्याला एक मूठ."

त्यानेही मनावर घेतलं. एरवी चेष्टा करणारा माणूस, पण लसूण सोलून सोलून बोटं सोलवटली. वाटायचा, मूठ भरायचा, खाद्यात कालवायचा. पण काय ती मूठ! मालकिणीच्या दोन मुठी त्या एका मुठीत सहज मावल्या असत्या. मी जीव तोडून सांगत होतो, पण दगडाचं कोण ऐकतं?

पिल्लं खाद्याशी यायची, चोच लावायची आणि उग्र वासाने उपाशीच मागे फिरायची. त्याला वाटलं, वाटण कमी पडतंय. त्याने आणखी अर्धी मूठ वाढवली. मरतूक सुरू झाली. रोज सकाळी तो मेलेली पिल्लं पाटीत भरून न्यायचा आणि परत येऊन माझ्याशेजारी नुसता बसून राहायचा.

संध्याकाळी तिचा फोन यायचा. "खातायत ना?"

"खातायत. तू काळजी करू नकोस."

तिच्या जिवाला घोर नको म्हणून तो खोटं बोलायचा. खरं बोलला असता तर तिने चूक तिथल्या तिथे पकडली असती. या एका गोष्टीने मी आजही आतून तुटतो.

उरलीसुरली पिल्लं शेजारच्या शेडवाल्याने नेली. महिन्याने डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं, कारण आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिला आधी शेड बघायची होती. त्याने तिला खुर्चीवर बसवून दाराशी आणलं. माझ्यात त्याने सकाळी वाटण करून ठेवलं होतं, कुणासाठी ते त्यालाच ठाऊक. तिने ते मुठीत घेतलं, त्याचा हात ओढला आणि त्यावर ओतलं. त्याच्या तळहाताचा फक्त खळगा भरला.

"एवढंच हो," ती म्हणाली. "मला सांगायचं तरी."

तो तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. नवव्या दिवशी ती गेली.

वर्षभर मी नळाखाली पालथा पडून होतो. अंगावर शेवाळ चढलं. मग एका सकाळी त्याने मला उचललं, घासलं, उन्हात ठेवलं. नवी पिल्लं आली होती.

मित्रांनो, काम झालं की आम्हाला धुऊन कोरडं ठेवत जा. आणि आपलं माणूस अंथरुणाला खिळलं, तरी त्याला विचारायचं सोडू नका, त्याच्यापासून खरं लपवू नका.

आता तो वाटण तळहातावर घेतो आणि खळगा भरला की थांबतो. बाकीचा हात रिकामाच असतो. खाद्य टाकून झालं की तो दाराशी जिथे तिची खुर्ची ठेवली होती तिथे बघतो आणि हळूच म्हणतो, "खातायत गं."

आणि आता ते खरं असतं.