ऐकलेलं वाक्य

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम आहे आणि तो मीच भांडून भांडून लावलाय. उदाहरणाचं वाक्य मनाने रचायचं नाही, खऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं हवं. बैठकीत वाचायचं, कोण म्हणालं ते सांगायचं, मगच मंजूर.

त्या दिवशी ‘आटणे’ आला. अर्थावरून मी सगळ्यांचं डोकं खाल्लं. “अहो, संपणं वेगळं! डब्यातली साखर संपते, आटत नाही. आटायला आधी आत झरा असावा लागतो. विहीर आटते, दूध आटतं, अंगातली ताकद आटते.”

“बाई, आमची आटायच्या आत वाक्य येऊ द्या,” संपादक म्हणाले. सगळे हसले, मीही हसले.

मी खुशीतच होते. दुसऱ्या शहरातल्या कचेरीची प्रमुख म्हणून मला बोलावलं होतं आणि मी जायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. नकार तेवढा संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. कारण एकच, माझी ताई. आईबाप गेल्यावर तिनेच मला वाढवलं, माझ्यापायी लग्न केलं नाही, आता वय झालं. तिला एकटी टाकून जायला मी काय दगड आहे?

“माझ्याकडे आहे एक,” मैत्रीण म्हणाली. शाळेपासूनची माझी मैत्रीण, कचेरीत शेजारच्या टेबलावर, घरी वरच्या मजल्यावर. चांगलं वाक्य सापडलं की हिला दम निघत नाही. वाचूनच मोकळी झाली. “धाकटीचं करून करून माझी माया आटली गं. आता ती गेली तर सुटेन, पण सांगू कशी?”

“वा!” संपादक म्हणाले. “कोण म्हणालं?”

ती तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्याही.

“शेजारीण,” ती पुटपुटली.

“मंजूर,” मी म्हणाले. रडू फुटलं नाही, एवढं नशीब.

जिन्यात मी तिला गाठलं. “अगं सटवे, दोघींनी मिळून केसाने गळा कापलात माझा! आणि वर टिपून ठेवलंस?”

“चुकलं गं. वाक्य इतकं सुरेख होतं, की कोणाचं आहे तेच विसरले.”

खोटं बोलत नव्हती मेली. तेच जास्त झोंबलं.

“ताई कधी म्हणाली हे?”

“जाऊ दे ना.”

“कधी?”

“तू जात नाहीस म्हणून तिला सांगितलंस ना, त्याच संध्याकाळी.”

त्या संध्याकाळी ताई माझ्या गळ्यात पडून हुंदके देऊन रडली होती. मला वाटलं, आनंदाने! मीच तिचे डोळे पुसले होते.

‘येते’ असं कळवलं आणि घरी गेले. चपलासुद्धा न काढता ताईला म्हटलं, “मी जातेय.”

एकदा तरी ‘नको’ म्हणेल, अशी वेडी आशा होती मला. ताईने स्टूल ओढलं, वर चढली आणि माळ्यावरची माझी बॅग काढायला लागली.