अंगणातलं शेवटचं तोंड

अंगणातलं शेवटचं तोंड जेवल्याशिवाय यशोदाबाई घास घेत नसत. सासूने घालून दिलेला नेम. चाळीस वर्षांत मोडला नव्हता. आधी गाय होती, मग मांजर, आता सुनेच्या कोंबड्या.

छायाच्या अकरा कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा. तो तिच्या वडिलांनी जाण्याआधी दिलेला. नवरा महेश वारल्यापासून छाया सातपूरला एका कंपनीत पॅकिंगला जायची. "दिवाळीपर्यंत चाळीस झाल्या की कंपनी सोडते, आत्याबाई," म्हणायची. त्यासाठीच तिने बाजारातून तीन तलंगा आणल्या, अजून अंड्यावर न आलेल्या.

कोपऱ्यात जाळी लावून तिने त्यांना वेगळं ठेवलं.

"पंधरा दिवस आतच. एकमेकींना बघू द्या, पण दाणापाणी एक होऊ द्यायचं नाय."

"मला काय कोंबड्या नव्या हायेत का गं?"

"नव्या नाय. पण तुमचा जीव लय मऊ."

कोंबडा जाळीशी येऊन एक पंख पाडून गोल फिरला. "बघा, नवरदेवाला दम निघंना," छाया हसली.

पाचव्या दिवशी कबरी तलंग पिसं फुगवून बसली. दाण्याला चोच लावेना. छाया पहिल्या पाळीला गेलेली. यशोदाबाईंनी भाकरी कुस्करून पाहिली, ज्वारी भिजवून पाहिली. दुपार टळली. ताट झाकलेलंच होतं.

नवी नवरी म्हणून या घरात आल्या तेव्हा त्यांनाही दोन दिवस घास उतरला नव्हता. मोठ्या जावेने हात धरून सगळ्यांच्या पंगतीत बसवलं, तेव्हा कुठे जेवल्या. एकटीला कसं अन्न जाईल? त्यांनी जाळीची कडी काढली.

कोंबडा धावला. दाणा चोचीत उचलून पुन्हा खाली टाकला, कुक-कुक करून तिला बोलावलं. कबरीने मान उचलली. दोन दाणे टिपले आणि सगळ्यांच्या परातीतलं पाणी प्यायली.

यशोदाबाईंनी हात जोडले आणि जेवायला बसल्या. त्या दिवशी त्यांना कोरडी भाकरीसुद्धा गोड लागली. छाया यायच्या आत त्यांनी कबरीला परत जाळीत घातलं. सांगितलं काहीच नाही.

सकाळी कबरी मेलेली होती. तीन-चार दिवसांनी बाकीच्या हिरवं पातळ हगू लागल्या, मग माना वळू लागल्या. छायाने एकीची मान हातात धरून पाहिली.

"मानमोडी. पण जाळी तर बंद होती, आत्याबाई! यांच्यात कशी आली?"

यशोदाबाई म्हणाल्या, "मी सोडली होती तिला. घटकाभरच. खात नव्हती गं... माझं जेवण अडलं होतं."

छाया सासूकडे बघत राहिली. शिवी आली असती तर बरं वाटलं असतं. ती उठून खुराड्याकडे गेली.

आठवड्यात खुराडं रिकामं झालं. कोंबडा सगळ्यांत शेवटी गेला. मान पाठीकडे वळलेली, तरी दाणा टाकला की तो चोच मारायचा. चोच दाण्याला न लागता मातीत जायची. एकदा तर कुक-कुकही केलं. बोलवायला कोणी उरलं नव्हतं.

खड्डा छायानेच खणला, वर चुना टाकला. न्हाऊन आली, भाकरी थापली, ताट वाढून सासूपुढे ठेवलं.

"जेवा, आत्याबाई. आता वाट बघायला नको. अंगणात कोणी उपाशी नाय."

डबा उचलून ती दुसऱ्या पाळीला निघून गेली. यशोदाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि सवयीने अंगणाकडे पाहिलं. तुकडा हातातच राहिला.