धाकटीची फ्रेम

दोघी जावांनी मिळून भरतकामाचं दुकान थाटलं तेव्हा कामाची वाटणी आपोआप झाली. थोरली मशीन चालवायची आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायची. धाकटी कापड फ्रेममध्ये बसवायची. ऐकायला एवढंसं काम, पण पातळ विणीचा शर्ट रबरासारखा ताणतो. ताणून बसवला की नक्षीभोवती चुण्या पडतात, भोकं पडतात. धाकटीच्या हातून असं कधी झालं नाही.

मग धाकटी आजारी पडली आणि बघता बघता गेली. थोरलीने त्यानंतर पातळ कापडाला हातच लावला नाही. टोप्या, टॉवेल, पिशव्या, बस्स.

एका दुपारी दीर आला, धाकटीचा नवरा. काखेत तीन शर्ट, मऊ, जवळजवळ आरपार दिसणारे. बराच वेळ घुटमळून म्हणाला, "वहिनी, मी पुन्हा लग्न करतोय. माझ्या पोरीचा हट्ट आहे, आम्हा तिघांच्या शर्टांवर सारखीच चिमणी हवी."

"देते की भरून," थोरली म्हणाली आणि शर्ट त्याच्या हातातून ओढून घेतले.

तो गेल्यावर तिने मशीनला गोल टोकाची सुई लावली, शर्ट फ्रेममध्ये घातला, स्क्रू पिळला. दोरा घेऊन वळली तर स्क्रू सैल! कापड निवांत पसरलेलं, कोणी तळहाताने सारखं केल्यासारखं. पुन्हा पिळला, चष्मा पुसला, पुन्हा सैल. दुकानात धाकटीच्या साबणाचा वास होता.

मग मात्र तिने इरेला पेटून स्क्रू बोटं दुखेपर्यंत आवळला आणि मशीन सुरू केलं. चिमणी झाली, पण कशी? चुरगळलेली, पंखाभोवती बारीक भोकं, आणि कापडावर फ्रेमचं गोल कडं उमटलेलं. वाफ दिली तरी ते हटेना.

"तुला हे लग्न नकोय, होय ना?" ती रिकाम्या स्टुलाला म्हणाली.

तिने दिराला फोन लावला. "भावोजी, जरा थांबा. एक शर्ट बिघडला. तिला पटलेलं नाही हे."

"कोणाला?"

थोरलीने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी त्याची होणारी बायकोच दुकानात येऊन उभी राहिली. उंच, भरभर बोलणारी, हातात नवा शर्ट. "यांनी सांगितलं मला. मी नुसती बसते. बिघडायचंच असेल तर माझ्या डोळ्यांदेखत बिघडू दे."

थोरलीला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून आणखीच राग आला. ती दोऱ्यासाठी आत गेली. परत आली तर त्या बाईने शर्ट फ्रेममध्ये घातलाच नव्हता. फ्रेमला नुसतं मऊ अस्तर बसवून, त्यावर गोंदाचा फवारा मारून शर्ट अलगद टेकवला होता. वर पाण्यात विरघळणारा पारदर्शक पापुद्रा. थेट धाकटीसारखं.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच ना आत्ता, मागून? म्हणालात, जाऊबाई चिडल्या की स्क्रू आवळतात. तू शर्ट आत घालूच नकोस, अस्तरावर ठेव." बोलता बोलता ती थबकली. "जाऊबाई म्हणजे कोण?"

थोरलीने दोऱ्याचं रीळ खाली ठेवलं. जाऊबाई तिला जगात एकटी धाकटीच म्हणायची. आणि ही रीत थोरलीला ठाऊक नव्हती असं थोडंच? ठाऊक असूनही तिने शर्ट फ्रेममध्ये आवळला होता. लग्न धाकटीला नको नव्हतं. नको होतं ते थोरलीला.

"मी नव्हते बोलले," ती म्हणाली.

त्या बाईचा चेहरा पांढराफटक पडला, पण कापडावरचा हात हलला नाही. "मग आता?"

"आता भरू या. दाट नको, टाके विरळ ठेवू. कापडाला सोसलं पाहिजे."

चिमणी सपाट उतरली. पापुद्रा ओल्या बोळ्याने विरघळला, मागचं जादा अस्तर कातरीने कापलं. एक सुरकुती नाही. ती बाई शर्ट छातीशी धरून गेली. जाताना वाकून पाया पडली, कोणाच्या ते सांगता येणार नाही.

थोरली मशीनपाशी बसून राहिली. मशीन थंड होताना टिकटिकत होतं. "अगं," तिने हाक मारली. "अगं, माझ्याशी बोल की." इतक्या महिन्यांत धाकटी एक अक्षर बोलली नव्हती, आणि बोलली ती त्या नव्या बाईशी. थोरलीने बराच वेळ कान दिला. मग तिने डोळे पुसले आणि दिराला फोन करून उरलेल्या दोघांचे शर्ट उद्या घेऊन जायला सांगितलं.