माझ्या गळ्यातला पेंढ्याचा दोर

मित्रांनो, मी पाणी उपसणारा एक जुना पंप आहे. आज रंगरंगोटी करून मला संग्रहालयात उभे केले आहे. पण माझी उमेदीची वर्षे उत्तर जपानमध्ये समुद्राच्या तळाखाली गेली. माणसे तिथे बोगदा खोदत होती. खडकातून झिरपणारे खारे पाणी ओढून वर ढकलणे हे माझे काम.

मुकादम सासामोरी भातावर कधीच सूप ओतून घेत नसे. तसे केले की बोगद्यात पाणी घुसते, अशी तिथली समजूत. माझा चालक ताकेगावा म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा. नववर्षाला त्याने बोगदे खोदणाऱ्यांना सांभाळणाऱ्या पर्वतदेवीच्या नावाने भाताच्या पेंढ्याचा जाड दोर वळला आणि माझ्या गळ्यात घातला. मी हरखून गेलो. दोरावर उतरलेली देवी परत जावी म्हणून असे दोर पंधरवड्यात उतरवून जाळायचे असतात.

"दाजी, दोर काढा आता," सासामोरी म्हणाला. "देवीला ताटकळत ठेवू नये."

"बसू दे की तिला, बोगदा पुरा होईपर्यंत. तुम्ही तुमचा कोरडा भात सांभाळा."

सासामोरीसुद्धा हसला. दोर तसाच राहिला आणि ओलीने कुजत गेला.

एका दुपारी पुढच्या टोकाचा खडक फुटला. पाणी इतक्या जोराने आले की मी हबकलोच. आतल्या माणसांची बाहेर यायची वाट माझ्याजवळूनच होती आणि मी थांबलो तर ती बुडणार होती. जीव तोडून ओढत असतानाच माझा घसा दाटला. मोटर घरघरली, पाणी चढेना. मला काही कळेचना.

दोर तुटून माझ्या तोंडच्या जाळीत अडकला होता. मला जपायला बांधलेल्या दोरानेच माझा गळा आवळला! आजही हे आठवले की मी सुन्न होतो.

ताकेगावाने मला बंद केले, गारठलेल्या पाण्यात बुडी मारली आणि मुठीमुठीने पेंढा उपसला. मी पुन्हा सुरू झालो. भिंतीला धरून माणसे बाहेर आली. सासामोरी सगळ्यांना पुढे घालून मागून येत होता. तो आलाच नाही.

ताकेगावाच्या मुठीत ओला पेंढा होता. "काढा म्हणाला होता," एवढेच तो बोलला.

बोगदा पुरा झाला, गाड्या धावू लागल्या. इथले लोक दर नववर्षाला मला नवा दोर घालतात. म्हातारा ताकेगावा येतो, पण आधी हात जोडत नाही. गुडघे टेकून तो माझ्या जाळीत बोटे फिरवतो.

मित्रांनो, यंत्राला हार जरूर घाला, पण आधी त्याची जाळी बघा. माझी कोरडी पडून किती वर्षे झाली, तरी ताकेगावा अजून बघतो.