मेहुण्याने आणलेली लिली

दाजींची म्हातारी मांजर सकाळी गेली, आणि नऊच्या सुमारास मेहुणा नेहमीसारखा सलूनमध्ये दाढी करायला आला. वेळ साधावी तर अशी!

जनावरांच्या डॉक्टरांनी कालच सांगितलं होतं, लिलीच्या फुलातली पिवळी पूड चिमूटभर जरी पोटात गेली तरी मांजराच्या किडन्या संपतात. आणि लिलीची कुंडी आठवड्यापूर्वी याच मेहुण्याने आणली होती. म्हातारीच्या केसांनी त्याला शिंका यायच्या, ती त्याच्या डोळ्यांत खुपायची. आणखी कसला पुरावा हवा?

दाजींनी त्याला खुर्चीत बसवलं, गळ्याला कापड गुंडाळलं, फेस फासला. मग कपाळ धरून मान मागे दाबली आणि वस्तरा गळ्यावर टेकवला.

“मांजर मेली. लिली कशाला आणलीस?”

“दाजी, अहो... तायडीला फुलं आवडतात म्हणून...”

“खोटं!”

कानाची पाळी चिरली. रक्त फेसात उतरलं. मेहुण्याने लाथा झाडल्या, फळीवरच्या बाटल्या खळकन फुटल्या. दाजींनी त्याच्या छातीवर गुडघा रोवला. तीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला ओरखडा काढला नव्हता, आणि आज, खरं सांगायचं तर, त्यांना बरं वाटत होतं.

“कुंडी तुम्हीच इथे आरशाच्या वर उंच टांगलीत ना!” मेहुणा किंचाळला. “तिला खुर्चीवरसुद्धा तुम्ही उचलून ठेवायचात. ती वर पोचेल कशी?”

दाजींचा हात थांबला. खरंच, कशी? पूड खाली आरशाजवळच्या फळीवर सांडायची. ती रोज ते स्वतःच झाडायचे, गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झाडायच्या मऊ ब्रशने. संध्याकाळी त्याच ब्रशने म्हातारीला लाडाने विंचरायचे. मग ती तासभर अंग चाटत बसायची.

दाजींनी मान वळवून त्या ब्रशकडे पाहिलं.

मेहुण्याला यातलं काय कळणार? आता गळाच चिरतात असं वाटून तो ढसाढसा रडू लागला.

“हो, मीच मारली! मुद्दाम आणली लिली! पाया पडतो, दाजी, सोडा!”

‘नाही रे’ एवढंच म्हणायचं होतं. दाजींनी तोंड उघडलंही. मग त्यांनी वस्तरा मिटला, तुरटी ओली करून त्याच्या कानावर दाबली.

“जा,” ते म्हणाले. “माफ केलं तुला.”