गेरूचा आकडा

द ७

मी एक जुनी दगडी तुळई आहे. मित्रांनो, लासुर्ण्याजवळच्या एका लहान गावात महादेवाच्या देवळात, दक्षिणेकडच्या दोन खांबांवर मी शेकडो वर्षे आडवी होते. आमच्या देवळाला चुना नव्हता. एका दगडाची कूस, म्हणजे पुढे काढलेले टोक, दुसऱ्याच्या खाचेत बसे आणि वरचे ओझे खालच्याला धरून ठेवी. माझ्या खाचा पाथरवटाने माझ्या शेजाऱ्यांच्या मापाने कोरल्या होत्या. दुसऱ्या कुणाला त्या बसत नसत.

माझ्याखालून नवस फेडणारे मेंढके गेले. पुढे रानात ऊस आला, तशी नव्या ट्रॅक्टरची चावी देवापुढे ठेवणारी माणसे गेली. वर कुणी पाहत नव्हते. वर पिंपळ रुजला होता.

त्याचे मूळ सांध्यात शिरले आणि छत झुकले. तेव्हा गावाने चांगलाच विचार केला. दगड सुटे करायचे, मूळ काढायचे, देऊळ होते तसे पुन्हा रचायचे. त्यासाठी दगडांवर आकडे घालायचे ठरले. रंगारी ऑइलपेंटचा डबा घेऊन आला, तसे देवस्थान कमिटीचे आप्पासाहेब कडाडले, "देवाच्या अंगाला ऑइलपेंट? आरं, म्हशीची शिंगं रंगवतूस का काय?"

मग गेरू आला. माझ्या कपाळावर लिहिले, द ७. दक्षिण, सात.

द

आम्हांला क्रेनने उतरवून चिंचेखाली ठेवले. इतक्यात श्रावण आला.

श्रावणाच्या तोंडावर गावच्या बायका देऊळ धुतात. घरटी एक घागर. त्या दिवशी पुरुषमंडळी इंदापूरला बाजाराला गेली होती. म्हाताऱ्या सारजाबाई घागर घेऊन पुढे झाल्या.

"देऊळ सुटं झालंय, देव सुटा झालाय का? चला गं, घासा!"

नारळाच्या शेंडीने त्यांनी मला घासले. किती मायेने घासले! त्यांची सून प्रतिक्षा थबकली.

"आत्याबाई, पाणी लाल का येतंय?"

"येऊ दे. किती वर्साचा मळ हाय त्यो."

गार पाणी कपाळावरून ओघळले. मला बरे वाटले. मित्रांनो, तेच मला आता सहन होत नाही.

.

"काकी, आकडं कुठं गेलं?" परतलेले आप्पासाहेब एवढेच म्हणाले.

"कसलं आकडं?"

ते माझ्यावरच बसले. सारजाबाईंनी ओल्या हातांकडे पाहिले. नखांत गेरू होता.

कागदावर कुणीच काही उतरवले नव्हते. गावाने मोबाइलमधले फोटो शोधले. प्रत्येक फोटोत नवरदेव, हार, जावळ काढलेले बाळ. मागे कुठे तरी माझी कड, अंधूक. मग नुसत्या अंदाजाने दगड लावून पाहिले. परक्या खांबावर मला चढवले. कूस बसेना. कुणीतरी पहार घातली, वरून घण मारला आणि मी

तुटले.

आता तिथे सिमेंटचे देऊळ आहे. फरशी चकचकीत, वर पंखा. माझा एक तुकडा पाण्याच्या टाकीची पायरी झाला. दुसरा, म्हणजे मी, चिंचेखाली बसायचा दगड आहे. बाकीचे घाणेरीच्या झुडपांत पडले आहेत. आम्ही एकमेकांना दिसतो. हाकेच्या अंतरावर आहोत.

मित्रांनो, जुन्या देवळावर माया जरूर करा. पण पाणी ओतण्याआधी, रंग फासण्याआधी मान वर करून एकदा नीट पाहा. कोणता दगड कुणाच्या आधाराने उभा आहे, ते ध्यानात ठेवा. मायेच्या हातांनीही पुसले जाते.

सारजाबाई नव्या देवळात जात नाहीत. माझ्यापाशी येतात. पाणी आणत नाहीत. कोरड्या पदराने धूळ टिपतात, खाचेत बोट घालतात आणि हळूच विचारतात,

"कुठं बसत हुतीस गं बाई? सांग की."

दक्षिणेला, सातवी. मी रोज सांगते.